सन १८७३ : पुणें, झांजीबार आणि गुलामांचा व्यापार

इतिहासांतील कांहीं सालें अशीं असतात कीं, तीं निरनिराळ्या देशांच्या बखरींत निरनिराळ्या कारणांनीं नोंदलीं जातात, आणि त्या सर्व बखरी एके ठिकाणीं उघडून पाहिल्यावांचून त्यांतील गोष्टींचा परस्परसंबंध कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. सन १८७३ हें असेंच एक साल आहे. जोतीराव गोविंदराव फुले यांच्या 'गुलामगिरी' या पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेखालीं पुणें मुक्कामची १ जून १८७३ ही तारीख आहे. त्यानंतर चारच दिवसांनीं, म्हणजे ५ जून रोजीं, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यासमोरील झांजीबार बेटाचा सुलतान बर्गश यानें समुद्रमार्गें चालणारा गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह इंग्रजांशीं केला. आणि त्याच ५ जूनला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास, दक्षिण अमेरिकेंतील डचांच्या सुरिनाम वसाहतींत 'लाला रुख' नांवाचें जहाज कलकत्त्याहून सुमारें ४०० हिंदी मजूर घेऊन येऊन लागलें. पुण्यांत एका माळ्याच्या मुलानें गुलामगिरीवर ग्रंथ लिहावा, झांजीबारांत गुलामांचा बाजार उठावा, आणि सुरिनामच्या मळ्यांत मुक्त झालेल्या गुलामांची जागा भरण्यासाठीं हिंदुस्थानांतून माणसें उतरावीं, या तीन गोष्टी एकाच आठवड्यांत घडल्या हा निव्वळ योगायोग होय. परंतु त्या एकाच काळांत घडल्या यांत मात्र योगायोग नाहीं. त्यांचीं मुळें एकाच जमिनींत होतीं.

पुणें शहर समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या आड वसलेलें आहे. येथें गलबतें लागत नाहींत, कीं बंदरावरचा गलबला ऐकूं येत नाहीं. त्यामुळें गुलामांच्या व्यापाराचा विषय निघाला म्हणजे पुणेकर वाचकास तो अटलांटिक महासागरावरील गोऱ्या लोकांच्या पापाचा विषय वाटतो. त्याबद्दल तो हळहळतो. पण आपलेंहि त्यांत कांहीं गुंतलेलें आहे, असें त्याच्या मनांत येत नाहीं. हा समज बरोबर नाहीं, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. घाटाखालच्या बंदरांतून जो माल आणि जो पैसा वर देशावर आला, त्याच्या मागोमाग गुलामगिरीचा धागाहि वर आला. कधीं तो सरदारांच्या दरबारांत दिसतो, कधीं विड्याला टोंचलेल्या लवंगेंत, कधीं कापसाच्या गांठींत, तर कधीं सावकाराच्या वहींत.

हा धागा बराच जुना आहे. पुणें आणि सुपें हे परगणे ज्या निजामशाहीनें मालोजी भोसल्यांस दिले, त्याच निजामशाहीचा कारभार पुढें कित्येक वर्षें मलिक अंबराच्या हातीं होता. हा मलिक अंबर हबसाणांत जन्मला, बालपणींच विकला गेला, बगदादच्या बाजारांतून फिरत फिरत दक्षिणेंत आला, आणि येथें निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानें त्यास विकत घेतलें. त्याची जमाबंदी महाराष्ट्रांत अजून नांवाजली जाते. ती करणाराचें मोल एके काळीं बाजारांत ठरलें होतें, हें मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. दक्षिणेंतील मुसलमानी राज्यांत हबशी गुलाम मुख्यतः शिपाईगिरीसाठीं येत, आणि त्यांतील कर्तृत्ववान् माणसास वर चढण्यास वाव असे. ऊंसाच्या मळ्यांत मरेपर्यंत राबणाऱ्या अमेरिकेंतील गुलामाची स्थिति आणि मलिक अंबराची स्थिति एक नव्हे, हा भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. तथापि ज्या जहाजांतून हे दोघे गेले, त्या जहाजांचा धंदा एकच होता. एका मलिक अंबराचें नांव इतिहासांत राहिलें. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या बाकीच्यांचें काय झालें, हें कोणत्याच तवारिखेंत सांपडत नाहीं.

पुढें पोर्तुगीज आले आणि या धंद्यास नवें रूप मिळालें. सन १८५३ ची आगगाडी सुरू होण्यापूर्वीं तीनशें वर्षें गोवें, चौल, वसई, दमण हीं बंदरें मोझांबिकच्या किनाऱ्याशीं जोडलेलीं होतीं. लिन्सखोटेन नांवाचा एक डच तरुण सन १५८३ पासून १५८८ पर्यंत गोव्याच्या आर्चबिशपाच्या पदरीं कारकून म्हणून होता. त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत गोव्याच्या भर रस्त्यांत चालणाऱ्या लिलांवाचें वर्णन केलें आहे. तेथें घोडे, जवाहीर आणि गालिचे यांच्या शेजारींच माणसेंहि विकावयास उभीं केलेलीं असत. डचांनीं तर या व्यापारास दुष्काळाची जोड दिली. सतराव्या शतकाच्या मध्यास चोळमंडळाच्या किनाऱ्यावर उपासमार पडली, तेव्हां पोटासाठीं विकलीं जाणारीं हजारों माणसें त्यांच्या कंपनीनें घेतलीं आणि सिलोन व बटाव्हिया येथें नेलीं.

याच किनाऱ्याच्या संबंधांत एक गोष्ट मराठी माणसास अभिमानानें सांगतां येते. सन १६७७ मध्यें शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारींत जिंजी प्रांतांत असतां डचांस त्यांनीं व्यापाराचा जो कौल दिला, त्यांत एक कलम गुलामांविषयींचें होतें. पूर्वींच्या अमलांत तुम्हांस स्त्रीपुरुषांची खरेदीविक्री करण्याची मोकळीक होती. आमच्या राज्यांत ती मिळणार नाहीं, आणि येथून माणसें विकत घेऊन नेतांहि येणार नाहींत, असा त्याचा आशय आहे. ज्या काळीं युरोपांतील एकाहि समुद्रगामी सत्तेनें आपल्या वसाहतींसाठीं होणारा हा व्यापार बंद केला नव्हता, त्या काळचें हें कलम आहे. इंग्रज पार्लमेंटानें आपला गुलामांचा व्यापार बंद करण्याचा कायदा सन १८०७ मध्यें केला. म्हणजे त्यास यानंतर १३० वर्षें लागलीं.

परंतु इतिहास लिहावयाचा म्हणजे अभिमानाचें पान वाचून ग्रंथ मिटतां येत नाहीं. शिवाजी महाराजांच्या मागून शंभर वर्षांच्या आंत पुण्यास पेशव्यांची राजधानी भरभराटीस आली. त्या राजधानीच्या कागदपत्रांत 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द वारंवार येतात. या ठिकाणीं कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे. कुणबीण म्हणजे विकत घेतलेली अथवा सरकारांत जमा झालेली दासी. लढाईंत धरून आणलेल्या, दुष्काळांत विकलेल्या, आणि व्यभिचाराच्या आरोपावरून शिक्षा म्हणून सरकारजमा केलेल्या, अशा स्त्रिया या वर्गांत असत. किल्ल्यांवर, कोठ्यांत, पागांत आणि थट्टींत त्या राबत. त्यांची किंमत ठरे, त्यांची खरेदी होई, त्या बक्षीस दिल्या जात, पळाल्या तर त्यांचा शोध होई. आणि सुटका व्हावयाची तर कित्येकदां पैसा अथवा बदली दुसरी बाई द्यावी लागे. कधीं त्यांची नोंद नांवानिशीं आहे, कधीं नुसत्या संख्येनें.

यावर कोणी असें म्हणेल कीं, ही घरगुती दासीप्रथा होती. तिचा समुद्रावरील व्यापाराशीं काय संबंध? प्रश्न रास्त आहे. पुण्याच्या कुणबिणी जहाजांत भरून परदेशीं पाठविल्या जात नव्हत्या, आणि त्यांच्या श्रमावर साखरेचे किंवा तंबाखूचे मळे उभे नव्हते. परंतु जो समाज आपल्या घरांत माणसाची किंमत रुपयांत लिहूं शकतो, त्याला समुद्रावरील बाजार पाहून धक्का बसत नाहीं. मुंबई, कच्छ आणि काठेवाड येथील व्यापारी पुढें झांजीबारास गेले, तेव्हां तेथील धंदा पाहून ते परतले नाहींत, याचें एक कारण हें असावें. घरांतील दासी आणि बाजारांतील गुलाम या दोन गोष्टी वेगळ्या खऱ्या. पण एकीची संवय दुसरीस सोपें करते.

आतां झांजीबारकडे वळूं. ओमानचा सुलतान सैयद सैद यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आपलें ठाणें मस्कतहून झांजीबारास हलविलें, आणि त्या बेटावर व शेजारच्या पेंबा बेटावर लवंगेचे मळे वाढविले. कांहीं दशकांतच जगांतील बहुतेक लवंग या दोन बेटांतून येऊं लागली. ती झाडें लावणारे, कळ्या खुडणारे आणि वाळविणारे हात आफ्रिकेच्या अंतर्भागांतून दोरखंडांनीं बांधून आणलेल्या गुलामांचे होते. त्यांच्याच डोक्यांवरून हस्तिदंत किनाऱ्यापर्यंत येई. झांजीबारचें हस्तिदंत आणि लवंग मुंबईस उतरे. हस्तिदंताचे चुडे गुजरात-राजपुतान्यांत जात, आणि लवंग सर्व देशांत पसरे. पुण्यांतील एखाद्या वाड्यांत सुपारी फुटल्यानंतर जो विडा दिला जाई, त्यावर टोंचलेली लवंग कोणीं खुडली, असा प्रश्न विडा घेणारास सुचण्याचें कारण नव्हतें. व्यापाराचें सामर्थ्य यांतच असतें. तो माल हातीं देतो आणि मालाचा इतिहास वाटेंत ठेवून येतो.

या व्यापारांतील पैसा मुख्यतः हिंदी होता. झांजीबारच्या जकातीचा मक्ता जयराम शिवजी या कच्छी भाट्यांच्या पेढीकडे कित्येक दशकें होता, आणि बाजारांत येणाऱ्या दर गुलामामागें जी जकात बसे तीहि त्या जकातींतच मोडे. अरब मळेवाल्यांस कर्ज देणारे, त्यांचे मळे गुलामांसह गहाण घेणारे, आणि अंतर्भागांत जाणाऱ्या तांड्यांस कापड व मणी उधार देणारे बहुतेक हिंदी सावकार होते. त्यांतील बरेच इंग्रजांचे प्रजाजन असल्यामुळें त्यांनीं गुलाम बाळगणें हा कायद्यानें गुन्हा होता. सन १८६० च्या सुमारास रिग्बी नांवाच्या इंग्रज कॉन्सलानें हा कायदा अमलांत आणून अशा हिंदी लोकांच्या ताब्यांतील हजारों गुलाम मोकळे केले, तेव्हां हा प्रकार केवढा मोठा आहे हें उघड झालें.

सन १८७२ मध्यें इंग्रज सरकारनें सुलतानाशीं बोलणें करण्यासाठीं ज्या माणसाची निवड केली, तो पुण्यास चांगला परिचित होता. सर बार्टल फ्रिअर सन १८३५ मध्यें पुण्यास असिस्टंट कलेक्टर होता, पुढें साताऱ्यास रेसिडेंट झाला, आणि सन १८६२ पासून १८६७ पर्यंत मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. सन १८७३ च्या आरंभीं तो झांजीबारास पोंचला. सुलतानानें प्रथम दाद दिली नाहीं. फ्रिअर परतला, आणि बंदराची नाकेबंदी करण्याचा धाक घातल्यावर कॉन्सल कर्क यानें ५ जून रोजीं तह पुरा केला. समुद्रावरून गुलाम नेणें बंद झालें, उघडे बाजार उठले, आणि हिंदी प्रजाजनांस गुलाम बाळगण्याची मनाई झाली. त्याच सालच्या नाताळच्या दिवशीं त्या बाजाराच्या जागेवर ख्रिस्ती मंदिराचा पाया घातला गेला. फ्रिअरनें आपल्या सरकारास जे कागद लिहून पाठविले, त्यांत हिंदी व्यापाऱ्यांविषयीं एक स्वतंत्र टिपण आहे; पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील जवळजवळ सर्व देवघेव या लोकांच्या हातून होते, असें त्यानें त्यांत नमूद केलें आहे.

तह होण्यापूर्वींहि कांहीं गुलाम सुटत होते, आणि त्यांच्या सुटकेची वाट महाराष्ट्रांतून गेलेली आहे. इंग्रजी लढाऊ जहाजें अरबांचीं गलबतें पकडीत आणि त्यांतील माणसें एडन, मुंबई, मॉरिशस अशा ठिकाणीं उतरवीत. मुंबईस उतरलेल्यांपैकीं बरींच मुलें नाशिकजवळच्या शरणपूर या मिशनऱ्यांच्या वसाहतींत ठेवलीं जात. तेथें त्यांस लिहिणेंवाचणें आणि सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवीत. लिव्हिंग्स्टन हा प्रसिद्ध प्रवासी सन १८६६ च्या आरंभीं मुंबईहून आपल्या शेवटच्या सफरीस निघाला, तेव्हां त्याच्याबरोबर नाशिकचे नऊ तरुण होते. १ मे १८७३ रोजीं तो मध्य आफ्रिकेंत वारला. त्याच्या प्रेतावर प्रार्थना म्हणणारा आणि तें प्रेत पुढें लंडनपर्यंत पोंचविणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्याच शाळेंत शिकलेला, एके काळीं गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. सन १८७५ मध्यें मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठीं फ्रिअरच्या नांवानें एक गांव वसविण्यांत आलें, आणि नाशिक-मुंबईकडील सुमारें दीडशें आफ्रिकी लोक तेथें राहावयास गेले. त्यांस त्या किनाऱ्यावर 'बाँबे आफ्रिकन' हें नांव पडलें. गोदाकांठीं वाढलेलीं हीं माणसें आपल्याच मूळ खंडांत 'मुंबईकर' म्हणून ओळखलीं गेलीं.

फ्रिअरचें हें काम निःसंशय चांगलें होतें. पण त्याच फ्रिअरची गव्हर्नरपदाची कारकीर्द ज्या संपत्तीनें गाजली, तिचा उगम पाहिला म्हणजे व्यापार आणि गुलामगिरी यांचा गुंता किती खोल होता हें कळतें. सन १८६० च्या खानेसुमारीप्रमाणें अमेरिकेंत ३९ लाखांहून अधिक गुलाम होते. त्यांनीं पिकविलेल्या कापसावर लँकेशायरच्या गिरण्या चालत. इंग्लंडास लागणाऱ्या कापसाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग तेथून येई. सन १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, आणि गिरणीवाल्यांची नजर मुंबईकडे वळली. कापसाचा भाव कित्येक पटींनीं चढला. युद्धाच्या काळांत मुंबईस कापसापासून एरवींपेक्षां जो जास्त पैसा मिळाला तो सात ते आठ कोटि पौंडांच्या घरांत धरतात. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, प्रेमचंद रायचंदाच्या शब्दावर लाखोंचे सौदे होऊं लागले. सन १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी सुरू झाली आणि देशावरचा कापूस विनाखंड बंदरावर जाऊं लागला. पुण्यास गणेशखिंडींत गव्हर्नरासाठीं नव्या प्रासादाचें काम सन १८६४ मध्यें सुरू झालें, तें याच तेजींत. तें सन १८७१ मध्यें पुरें झालें तेव्हां तेजी ओसरून गेली होती आणि त्या खर्चाबद्दल फ्रिअरवर बरीच टीका झाली.

तेजी संपली कशी? सन १८६५ च्या एप्रिलमध्यें दक्षिणेचा सेनापति ली शरण आला. चाळीस लाख गुलामांच्या मुक्ततेवर शिक्कामोर्तब झालें, ही वार्ता मुंबईच्या बाजारांत भाव कोसळल्याच्या रूपानें पोंचली. १ जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हां श्रीमंत म्हणून मिरवणाऱ्या कित्येकांचें दिवाळें निघालें. मनुष्यजातीच्या एवढ्या मोठ्या सुटकेच्या दिवशीं आपल्या प्रांतांतील पेढ्यांवर शोक व्हावा, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. परंतु पेढ्यांवर बसलेले लोक दुष्ट होते म्हणून ती घडली नाहीं. त्यांचा नफा ज्या व्यवस्थेंत गुंतला होता तींत दुसऱ्याची सुटका हाच त्यांचा तोटा होता.

तो तोटा शेवटीं मुंबईच्या शेटजींपाशींच थांबला नाहीं. तेजीच्या काळांत सावकारांनीं कुणब्यांस सढळ हातानें कर्ज दिलें होतें. त्याच सुमारास सरकारनें फेरपाहणी करून जमिनीचा धारा वाढविला. भाव उतरले, धारा तसाच राहिला, आणि सावकारांनीं हात आखडून जुन्या खतांवर फिर्यादी लावल्या. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं लोक मारवाडी व गुजर सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांनीं मुख्यतः मागितलीं तीं खतें आणि वह्या. त्या हातीं आल्या कीं त्यांची होळी करीत. हें लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांतील कित्येक गांवांत पोंचलें. या दंग्याचीं कारणें अनेक होतीं आणि त्यांत कशाला किती महत्त्व द्यावें याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु कापसाची तेजी व मंदी हें त्यांतील एक कारण म्हणून चौकशी करणाऱ्या कमिशननेंच सांगितलें आहे. अमेरिकेंत त्याच वेळीं मुक्त झालेला निग्रो शेतकरी अर्धलीनें जमीन करून, दुकानदाराच्या उधारीवर जगत, पुढच्या पिकासकट बांधला जात होता. त्याची बेडी कायद्यानें तोडली होती. वही मात्र शिल्लक होती. सुप्याच्या कुणब्यास बेडी कधींच नव्हती, पण वही तीच होती.

गुलामगिरी कायद्यानें गेली तरी तिच्यावर उभा असलेला व्यापार कसा तगला, याचें सर्वांत स्पष्ट उदाहरण गिरमिटाचें आहे. इंग्रजी साम्राज्यांत गुलाम मुक्त करतांना पार्लमेंटानें २ कोटि पौंड नुकसानभरपाई मंजूर केली. ती गुलामांस मिळाली नाहीं, त्यांच्या मालकांस मिळाली. मॉरिशसच्या मळेवाल्यांच्या वांट्यास त्यांतील २० लाखांहून अधिक पौंड आले. त्या बेटावर १ फेब्रुवारी १८३५ रोजीं गुलामगिरी संपली. पण त्याच्या तीन महिने आधींच, २ नोव्हेंबर १८३४ रोजीं, 'अॅटलास' जहाजांतून पहिले हिंदी मजूर पोर्ट लुईस येथें उतरले होते. पुढें सुमारें साडेचार लाख माणसें त्या बेटावर गेलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले रत्नागिरी व कोंकणपट्टीचे मराठी लोक होते. सुरिनामची कथा याच धर्तीची आहे. तेथें सन १८६३ मध्यें गुलाम मुक्त झाले, पण आणखी १० वर्षें त्यांस सक्तीनें मळ्यांत ठेविलें. ती मुदत संपण्यास महिना उरला असतां 'लाला रुख' बंदरास लागलें. पांच वर्षांचा करार, कामावर न गेल्यास तुरुंग, मालक बदलण्यास बंदी, अशा या पद्धतीस मजुरांनीं 'अॅग्रीमेंट' या शब्दावरून 'गिरमिट' म्हटलें. गिरमिट विकत घेतलेल्या माणसावर नव्हतें, करार केलेल्या माणसावर होतें, हें खरें. पण करारावर अंगठा करणाऱ्यास मॉरिशस कोठें आहे हेंहि कित्येकदां माहीत नसे.

या पद्धतीवर निर्णायक घाव घालण्यास सुरुवात ज्यानें केली तो पुण्याचाच पुढारी होता, आणि त्याचें जन्मगांव कोतळूक त्याच रत्नागिरी जिल्ह्यांत होतें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं २५ फेब्रुवारी १९१० रोजीं वरिष्ठ कायदेमंडळांत नाताळला मजूर पाठविणें बंद करावें असा ठराव आणला, आणि सरकारनें तो मान्य केला. ४ मार्च १९१२ रोजीं त्यांनीं गिरमिटाची पद्धत सर्वस्वीं बंद करण्याचा ठराव मांडला. मजुरांतील आत्महत्यांचे आंकडे, स्त्रियांची दुर्दशा, करारांतील फसवणूक, हें सर्व सरकारच्याच अहवालांतून काढून त्यांनीं मंडळापुढें ठेविलें. ठराव २२ विरुद्ध ३३ मतांनीं पडला. परंतु मंडळांतील बिनसरकारी हिंदी सभासद त्यांच्या बाजूस होते. गोखले १९१५ मध्यें वारले. भरती १९१७ मध्यें थांबली आणि १ जानेवारी १९२० रोजीं उरलेलींहि गिरमिटें रद्द झालीं. ज्या पुण्याच्या कागदांत कुणबिणीची किंमत लिहिलेली आहे, त्याच पुण्याच्या एका शिक्षकानें माणसाच्या करारी विक्रीविरुद्ध साम्राज्याच्या सभेंत उभें राहावें, या दोन्ही गोष्टी या शहराच्या इतिहासांत शेजारीं शेजारीं ठेवल्या पाहिजेत.

आतां पुन्हां १ जून १८७३ कडे येऊं. फुले यांनीं आपलें पुस्तक युनायटेड स्टेट्समधील ज्या सज्जनांनीं निग्रो गुलामांच्या मुक्ततेसाठीं स्वार्थत्याग केला, त्यांस अर्पण केलें. शूद्रातिशूद्रांची स्थिति आणि निग्रो गुलामांची स्थिति त्यांनीं एका पंक्तींत बसविली, ही अतिशयोक्ति आहे असा आक्षेप घेणारे त्या वेळींहि होते, पुढेंहि झाले. पुराणांतील अवतारांचा त्यांनीं लावलेला अर्थ इतिहासाच्या कसोटीस उतरेलच असें नाहीं. पण एक गोष्ट त्यांस त्यांच्या काळच्या बहुतेक विद्वानांपेक्षां स्वच्छ दिसली. अमेरिकेंतील कापसाच्या मळ्यांत जें घडलें तें पुण्यापासून हजारों कोस दूर घडलें असलें तरी पुण्यास परकें नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. ज्या शहरांतील बाजारास त्या युद्धाची आठवण भावाच्या चढउतारापुरती होती, त्या शहरांतल्या एका लेखकास त्यांत सुटलेलीं माणसें दिसलीं. दहा वर्षांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहितांना कुणब्याच्या कर्जाचा विचार त्यांनीं केला, तोहि याच दृष्टीनें. त्यांच्या लेखीं गुलामगिरी ही साखळदंडाची वस्तु नव्हती. एकाच्या श्रमावर दुसऱ्याचा कायमचा हक्क लिहून ठेवणारी प्रत्येक वही त्यांत येत होती.

फ्रिअरच्या कारकीर्दींत सुरू झालेला गणेशखिंडीचा तो प्रासाद हल्लीं विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि सन २०१४ पासून त्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचें नांव आहे. मॉरिशसमध्यें गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते. काळानें कांहीं हिशेब आपण होऊन पुरे केले आहेत. कांहीं मात्र आपणांस करावयाचे आहेत. मॉरिशसमधील मोका येथें गिरमिटी मजुरांचीं नोंदणीपुस्तकें जपून ठेविलेलीं आहेत. मजुराचें नांव, बापाचें नांव, गांव, उंची, अंगावरची खूण, असें सर्व त्यांत लिहिलेलें आहे; आणि पांचव्या-सहाव्या पिढीचे वंशज त्या नोंदींवरून आपलें मूळ गांव शोधीत कोंकणांत येतात. पुण्याच्या पेशवे दप्तरांत रुमालांत बांधलेल्या कागदांतील कुणबिणींस असा शोध घेणारे वंशज नाहींत. लढायांच्या व तहांच्या तारखा ठरविण्यांत आपल्या संशोधकांनीं एक शतकाहून अधिक काळ परिश्रम केले आहेत. तितक्याच चिकाटीनें कोणी हीं नांवें गोळा करावीं: कोणती बाई कोठून आली, कितीस घेतली, कोठें राबली, सुटली कीं नाहीं. गुलामांच्या व्यापाराच्या इतिहासांतील पुण्याचें प्रकरण खरें म्हणजे तेथून सुरू होतें, आणि तें लिहिण्यास समुद्रावर जावें लागत नाहीं.